दोन नंबरच्या पंख्याचं कुलूप

तिनं चळतीतलं वरचं दुपटं उचललं तशी किल्ली तिच्या पायावर पडली.

लहानशी, पितळी, नारिंगी दोरीत ओवलेली. दोरी घामानं काळपट झाली होती. ती तशीच अर्धवट वाकून उभी राहिली. एक हात पलंगावरच्या मुलीच्या पोटावर, कारण अकरा महिन्यांच्या मुलीला आंघोळीनंतर पलंगावर एकटं सोडायचं नसतं, डोळ्याचं पातं लवायलाही नाही. दुसऱ्या हातात दुपटं. मुलगी ओले पाय झाडत होती आणि तोंडानं फुर्रर्र करत होती. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

किल्ली नवऱ्याची होती. ती त्याच्या गळ्यात असायची. झोपताना उशाशी, आंघोळीच्या वेळी खुंटीला, बाकी सगळा वेळ गळ्यात.

पावाच्या कारखान्यात तो वीजमिस्त्री होता. लग्न ठरल्यावर दोघं पहिल्यांदा बाहेर भेटली तेव्हा लोक सिनेमाच्या गप्पा मारतात, यानं कुलपाच्या मारल्या होत्या. कुठल्याही यंत्रात हात घालण्याआधी त्याचं मेन बटण बंद करायचं आणि बटणाला आपलं कुलूप घालायचं. आपलं म्हणजे आपलंच. कुलपाला लाल पाटी, पाटीवर आपला फोटो, नाव आणि काम संपायची वेळ. कुलूप नुसतं दाबलं की लागतं, काढायला मात्र किल्ली हवी; ती एकच, आणि ती आपल्यापाशी. म्हणजे आपण आत असताना बाहेरच्यानं चुकून बटण दाबलं, असं होऊच शकत नाही.

"माझं कुलूप दुसऱ्यानं काढायचं नाही, दुसऱ्याचं मी काढायचं नाही," तो म्हणाला होता. "खुद्द मालक आला तरी नाही."

"आणि किल्ली हरवली तर?"

"हरवत नाही," तो म्हणाला होता, आणि ते इतक्या साधेपणानं म्हणाला होता की तिनं त्याच संध्याकाळी घरी होकार कळवला.

एकदाच तो ती विसरला होता. पाऊण वाट गेल्यावर ध्यानात आलं, तर उलटा आला, अर्ध्या दिवसाचा खाडा झाला तरी. गळा मोकळा लागतो, तो म्हणाला होता. पायात चप्पल नसली की कसं कळतं, तसं कळतं.

मग आज कसं कळलं नाही?

तिनं मुलीला दुपट्यात गुंडाळून कडेवर घेतलं, मग वाकून किल्ली उचलली, पदराला पुसली आणि गळ्यात घातली. फोन लावला. त्याचा फोन बंद होता.

सहा आठवडे ती त्याच्याकडे बघत होती. बघणं हा तिचा धंदाच होता. मुलगी जन्मली तेव्हापासून ती उकळलेल्या पाण्याकडे, दाराच्या फटीकडे, पलंगाच्या कडेकडे, मुलीच्या श्वासाकडे बघत आली होती. सासरी तिचं नावच हवालदार पडलं होतं. मुलीला उचकी लागली म्हणून तिनं एकदा डॉक्टरांना फोन केला होता. ती गोष्ट प्रत्येक जेवणात कुणी ना कुणी सांगायचं. नवराही हसायचा, पण नंतर स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणायचा, "हवालदार आहेत म्हणून आम्ही झोपतो."

मग तो झोपायचाच थांबला. आधी वाटलं, मुलीचे दात. पण मुलगी झोपायची आणि हा कॉटवर बसून राहायचा. उभ्यानं जेवायचा. विनोदावर हसायचा, पण सगळे हसून झाल्यावर. कुणी काही विचारलं की आधी ओठ हलायचे आणि मग मागून आवाज यायचा, दूरच्या फोनसारखा. काय झालंय, विचारलं की म्हणायचा, "काही नाही गं. दमलोय." तिनं सगळं टिपलं होतं. आज सकाळचंही टिपलं होतं. त्यानं खिडकीची खिळखिळी कडी घट्ट केली होती. तिनं महिनाभर पाठी लागून न झालेलं काम, न सांगता. कपाटातली फाइल काढून टेबलावर ठेवली होती. "लसीचं कार्ड यातच आहे," म्हणाला होता, "घराचे कागदही." आणि निघताना मुलीच्या डोक्यावर हनुवटी टेकवून इतका वेळ उभा राहिला होता, की मुलगीच शेवटी कंटाळून चुळबुळली होती.

एकेक गोष्ट सुटी सुटी होती. किल्लीनं सगळी एकत्र बांधली.

तिनं भाऊजींना फोन लावला. थोरले दीर, दुसऱ्या गावाला असायचे, पण घरातलं काही असलं की पहिला फोन त्यांना.

"बोला हवालदार," ते म्हणाले. "आज कुणाला उचकी?"

"भाऊजी, त्याची किल्ली घरी आहे. कुलपाची. आणि फोन बंद आहे."

"मग विसरला असेल."

"तो विसरत नाही."

"माणूस आहे, विसरतो. लहानपणी शाळेत दप्तर विसरून जायचा हा." पलीकडे कुणीतरी काहीतरी बोललं, ते त्याला उत्तर देऊन परत आले. "हे बघ, तू रात्ररात्र जागतेस. त्यानं काय होतं, मुंगीचा हत्ती दिसतो. जरा आडवी हो. संध्याकाळी येईल तो, मग मला फोन करायला सांग."

"भाऊजी, मला भीती वाटतेय."

"तुला कधी वाटत नाही?" हे ते प्रेमानं म्हणाले. तेच वाईट होतं.

फोन ठेवून ती उभी राहिली. मुलीनं तिच्या गळ्यातली दोरी धरून तोंडात घातली. तिनं ती काढून घेतली. मुलीनं परत घातली. भाऊजींचं खरंही असेल. चोवीस तास लांडगा आला रे ओरडणाऱ्या बाईला, खराच आला, तर तो ओळखता येणार कसा? तिला स्वतःलाच स्वतःची साक्ष पटेना.

टेबलावर फाइल होती. वरच मुलीचं लसीकरणाचं कार्ड. मागच्या बाजूला, वजनाच्या तक्त्याखाली, बारीक अक्षरात एक ओळ छापली होती: मन फार खचत असेल, स्वतःचं वा जवळच्या कुणाचं, तर या नंबरवर कधीही बोला. ती ओळ तिला पाठ होती. मुलगी तीन महिन्यांची असताना एका दुपारी तिनं तो नंबर लावला होता, स्वतःसाठी. पलीकडून "बोला" ऐकू आल्याबरोबर तिनं फोन ठेवून दिला होता आणि कणीक मळायला घेतली होती. हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं नंबर लावला.

"बोला, मी ऐकतेय." बाईचा आवाज. थोडा बसलेला, सर्दी झाल्यासारखा.

"माझ्या नवऱ्याची किल्ली घरी राहिलीय," ती म्हणाली, आणि हे किती खुळ्यासारखं आहे ते तिला कानांनी ऐकू आलं.

पलीकडची बाई हसली नाही. "ती किल्ली महत्त्वाची आहे का?"

मग ती एका दमात सगळं बोलली. कुलूप, पाटी, सहा आठवडे, कडी, फाइल, हनुवटी. मध्ये कुठेतरी मुलगी रडायला लागली, तर ती मुलीला झुलवत झुलवत बोलत राहिली. ऐकणारी बाई फक्त "हं" म्हणत होती, पण तो हं रिकामा नव्हता.

"तुमच्या मनात जी भीती आहे," बाई म्हणाली, "ती तुम्ही अजून बोलला नाहीत. मी बोलू का? तो जीव देईल अशी भीती आहे."

"हो."

"ठीक. मग आपण तीच खरी धरून चालू. तो आत्ता एकटा आहे?"

"माहीत नाही."

"त्याच्यापर्यंत दोन मिनिटांत चालत पोचेल, असं कोण आहे?"

तिनं मनात माणसं धुंडाळली. सासूबाई, भाऊजी, तिचा स्वतःचा भाऊ, त्याचा शाळेतला मित्र. सगळी जीव टाकणारी माणसं, आणि सगळी लांब. दोन मिनिटांत चालत, असा विचार तिनं कधी केलाच नव्हता.

"फोरमन आहेत. मामा म्हणतात सगळे त्यांना."

"मग माझ्याशी बोलू नका, मामांना लावा. त्याच्याजवळ कुणीतरी जाऊन बसायला हवं, एवढंच सांगा. मी दहा मिनिटांनी तुम्हाला फोन करते. आणि एक. तो भेटला की आडून आडून विचारू नका. मरायचा विचार येतो का, याच शब्दांत विचारा. विचारल्यानं नवा विचार डोक्यात शिरत नाही. आत असेल तर बाहेर पडायला वाट मिळते."

"आणि माझी चूक असली तर?"

"तर उद्या आपण दोघी हसू," बाई म्हणाली. "लावा फोन."

मामांनी पाचव्या घंटीला उचलला. मागे भट्ट्यांचा घुमारा होता, आणि ट्रे एकमेकांवर आदळल्याचा आवाज.

"बोला वहिनी. आमचे साहेब काय म्हणतायत?" साहेब म्हणजे मुलगी. ते नाव तिच्या बापानं ठेवलेलं. सगळ्या कारखान्याला माहीत होतं की साहेबांना एक दात आलाय आणि दुसऱ्याची तारीख लागलीय.

"मामा, तो कुठाय?"

"कामावर. गच्चीवरच्या दोन नंबरच्या पंख्याला सकाळपासून कुलूप आहे त्याचं. पंखा बंद, आम्ही खाली पावाबरोबर भाजून निघतोय. जरा सांगा त्याला, आटप म्हणावं."

"तुम्ही त्याला पाहिलंत?"

"खाली बटणावरचं कुलूप पाहिलं ना."

"त्याला, मामा. त्याला पाहिलंत?"

"कुलूप आहे म्हणजे माणूस आहे, वहिनी. कामात असलेल्याला आम्ही हाका मारत नाही. पद्धत आहे ती."

"त्याची किल्ली माझ्या गळ्यात आहे."

भट्ट्यांचा घुमारा ऐकू येत राहिला. कुणीतरी मामांना काहीतरी विचारलं.

"दुसरी किल्ली नसते," मामा म्हणाले. तिला नव्हे, स्वतःलाच.

"कुलूप कापा मामा, पण त्याला—"

"तसं कापता नाही येत. फॉर्म असतो. दोन सह्या लागतात, मॅनेजर साहेब बाहेर गेलेत." हे ते तीस वर्षांच्या सवयीनं बोलत होते, शब्द आपोआप येत होते. "आणि कापायच्याही आधी, नियमच आहे, आधी तो माणूस..."

ते थांबले.

"आधी काय, मामा?"

"आधी माणूस शोधायचा," मामा म्हणाले. "सगळं आवार पालथं घालायचं. सापडल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही."

"मग फॉर्म राहू द्या. नियमातलं पहिलं तेवढं करा."

पण ते आधीच निघाले होते. घुमारा मागे पडला. फोन बहुधा तसाच हातात राहिला होता, कारण तिला सगळं ऐकू येत होतं. लोखंडी जिना. मामांचा उजवा गुडघा धरतो, हे नवऱ्यानं सांगितलेलं. एक पाऊल जड, एक हलकं. जड, हलकं. जड, हलकं. मधल्या वळणावर ते दम खायला थांबतील असं तिला वाटलं. ते थांबले नाहीत. मुलगी गप्प झाली होती आणि आईच्या तोंडाकडे बघत होती. एक दार करकरलं. वारा फोनमध्ये शिरला. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही, की तिनं फोन कानापासून काढून तो चालू आहे का ते पाहिलं.

मग मामांचा आवाज आला. लांबून, आणि तिच्यासाठी नव्हेच तो.

"अरे, इथे बसलायस होय?" मामा म्हणाले. धापा टाकत होते, पण आवाज असा, जणू डबा खायला जागा शोधत आलेत. "सरक जरा. मलाही बसू दे."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मुलगी मांडीवर. दुपटं सुटून गेलं होतं.

कारखान्याकडे जाणाऱ्या टॅक्सीत असताना त्या बाईचा फोन आला, सांगितल्याप्रमाणे. तिनं सांगितलं, सापडला, मामा शेजारी बसलेत. बाईनं श्वास सोडलेला ऐकू आला; त्यांनाही श्वास धरून बसावं लागतं, हे तिला नवीन होतं.

"आता घरी नेऊ नका," बाई म्हणाली. "झोप काढली की बरं वाटेल, असं सगळे म्हणतील. तो स्वतःही म्हणेल. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या, तातडीच्या विभागात. तिथे लाजू नका, पाय मोडला म्हणून सांगतो तसं सांगा. तो एकटा राहता कामा नये. संडासातसुद्धा बाहेर कुणीतरी."

"हो."

"आणि तुम्ही झोपता का?"

"मी?" ती म्हणाली. "मी राखण करते."

"उद्या अकराला मी तुम्हाला फोन करणार आहे. तुमच्यासाठी. या वेळी ठेवू नका."

या वेळी. बाईनं सहज म्हटलं असेल. किती जण घाबरून ठेवत असतील. तरी तिचे कान तापले.

कारखान्याच्या फाटकाशी पहारेकऱ्याची केबिन होती. आत बाक, टेबल, हजेरीचं रजिस्टर. बाकावर मामा आणि तो, शाळेत शिक्षा झालेल्या दोन मुलांसारखे चिकटून. मामांनी त्याचा दंड धरला होता. घट्ट नाही, बाजारात म्हाताऱ्या बापाचा धरावा तसा. त्याचे केस वाऱ्यानं उभे राहिले होते. त्यानं आधी मुलीकडे पाहिलं, मग तिच्या गळ्याकडे, मग खाली.

पहारेकरी न सांगता बाहेर जाऊन उभा राहिला.

"वेळेचा रकाना कोरा होता," मामा तिला म्हणाले. "पाटीवर. सकाळी बघितलं मी. म्हटलं, आळस केला. दुपारी झापणार होतो." त्यांनी तळव्यानं तोंड पुसलं. "म्हटलं, आळस केला."

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. मुलीला मांडीत धरलं. रस्ताभर घोकलेलं वाक्य जिभेवर होतं, आणि ते इतकं उघडं होतं की मामांसमोर बोलवेना. मग बोलली.

"मरायचा विचार करत होतास का?"

मामांचा हात दंडावर तसाच राहिला. बाहेर पावाचा टेम्पो मागे घेत कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं.

"हो," तो म्हणाला.

"कधीपासून?"

त्यानं विचार केला. प्रश्नाचं बरोबर उत्तर द्यायला हवं, अशा चेहऱ्यानं. "साहेबांना दात आला, तेव्हापासून."

"का?" हे विचारायचं ठरलं नव्हतं. निघून गेलं.

"काहीच नाही गं. तेच तर. घरात बघतो, सगळं आहे. तू आहेस, ही आहे. आणि मला वाटतं, मी मध्ये उभा आहे नुसता. उजेडाला आडवा." त्याचा आवाज सपाट होता. "जरा झोपलो की बरा होईन. घरी जाऊ या?"

"नाही," ती म्हणाली. "आपण दवाखान्यात जाऊ या."

तो वाद घालेल म्हणून तिनं कंबर कसली होती. त्यानं फक्त मान हलवली आणि उठून उभा राहिला, आणि उठल्यावर पुढे काय करायचं ते विसरल्यासारखा तिथेच राहिला. मामा त्याच्यासोबत टॅक्सीत मागे बसले. कारखान्याचा पांढरा कोट, केसांवरची जाळी, सगळं तसंच अंगावर.

तातडीच्या विभागात खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "काय होतंय?" मागे सातआठ माणसं रांगेत होती. एकाच्या हाताला रक्ताळलेला टॉवेल. तिनं पाय मोडल्यासारखं सांगितलं. खिडकीवरच्या बाईनं लिहिता लिहिता मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं, आणि रांग मोडून त्यांना आतल्या बाकावर बसवलं. थोड्या वेळानं एक नर्स आली आणि त्याच्या खिशातल्या वस्तू एका पिशवीत घेतल्या. टेस्टर, चिकटपट्टी, कार्बन लागलेलं फडकं, पेन्सिलीचा तुकडा. पिशवीवर नाव लिहून ती म्हणाली, डॉक्टर येतायत, वेळ लागेल, पण इथून हलू नका. आज बहुधा ठेवून घेतील.

मामांना तीन वाजता परत जावं लागलं. जाताना ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "मी संध्याकाळी येतो. भाऊजींना मी सांगितलंय फोनवर. रात्रीची गाडी धरतायत." मग म्हणाले, "रडत होते."

ती बाकावर परत आली. तो भिंतीकडच्या बाजूला होता. ती दाराच्या बाजूला बसली. मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती, एक मूठ नारिंगी दोरीवर आवळून.

"किती वाजता सापडली?" त्यानं विचारलं.

दवाखान्यात आल्यापासून त्यानं आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

"दहा वाजून दहा."

"आंघोळीला उशीर झाला?"

"पाणी तापायला वेळ लागला."

त्यानं मान हलवली. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं होती. तो ती क्रमानं बघत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. दुपट्यांची चळत पलंगाशेजारच्या कपाटात असते. ती रोज दहाला वरचं दुपटं काढते. दहाला, वरचंच. किल्ली टाकायलाच हवी होती तर घरात शंभर जागा होत्या. माळा होता, हत्यारांची पेटी होती, रस्त्यावर गटार होतं. वरच्या एका दुपट्याखाली ठेवली होती.

तिनं हात पुढे करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. गुडघा थंड होता. तिनं हात काढला नाही, आणि त्यानंही गुडघा मागे घेतला नाही.

साडेचारला मामांचा फोन आला.

"वहिनी, कसा आहे?"

"बसलाय. डॉक्टर एकदा बघून गेले. परत येतायत."

"बरं. ऐका, मॅनेजर साहेब आलेत. इथे भट्टीवर पोरं घामानं निथळतायत, पंखा चालू करायला हवा. फॉर्म भरून तयार आहे. सह्या झाल्या की कापतील." मामा घोटाळले. "पण नियम असा आहे, की माणूस सापडला असेल आणि तो येऊन स्वतः काढणार असेल, तर कापायचं नाही. थांबायचं. फक्त पाटीवर वेळ हवी. कोरी पाटी नाही चालत. तर मी मॅनेजर साहेबांना म्हटलं, विचारतो. येणार आहे का तो, काढायला? तेवढं विचारून सांगा. घाई नाही."

घाई होती, ते तिला मागच्या आवाजावरून कळत होतं.

तिनं फोन छातीशी धरला आणि त्याच्याकडे वळली. "मामा विचारतायत, कुलूप कापू का. की तू काढशील?"

तो चित्रं बघत राहिला. दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठा, मनगट. तिला वाटलं, त्याला ऐकू गेलं नाही. परत विचारावं का? नको. झोपेतल्या मुलीनं मूठ सोडली आणि परत आवळली. किल्ली तिच्या गालाखाली दबली होती. उठल्यावर गालावर वळ दिसणार होता.

"एक आणि तीन नंबर फुल्लवर ठेवायला सांग," तो म्हणाला. आधी ओठ हलले, मग आवाज आला. "एक नंबरचा पट्टा घसरतो. लक्ष ठेवा म्हणावं. तोवर चालेल."

तिनं फोनमध्ये ते तसंच सांगितलं आणि परत त्याच्याकडे वळली.

"आणि वेळ?" तिनं विचारलं. "पाटीवर वेळ हवी म्हणतात."

त्यानं खिशाकडे हात नेला, खिसा रिकामा आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि हात तसाच मांडीवर आला.

"पुढचा महिना लिहा म्हणावं," तो म्हणाला. "पेन्सिलीनं."

तिनं फोन कानाला लावला. "मामा, पुढचा महिना लिहा. पेन्सिलीनं."

"पेन्सिलीनं," मामा म्हणाले. "बरं. थांबा हं."

ते पेन्सिल शोधायला लागले असावेत. कप्पे उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज येत राहिले, मग कुणाला तरी हाक, मग पुन्हा एक कप्पा. तिनं फोन ठेवला नाही. एक हात त्याच्या गुडघ्यावर, मान खांद्यावरच्या मुलीकडे कलती, डोळे दाराकडे; ती ऐकत राहिली.